अंदमानचं बुकिंग: तिकिटं खरी असूनही आमचे पैसे गेले

एजंटने पाठवलेली विमानाची तिकिटं बनावट नव्हती. विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून मी स्वतः पाहिलं होतं. सातही जणांची नावं, तारखा, चेन्नईला बदलायचं विमान, सगळं बरोबर होतं. स्वराज द्वीपवरच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या, हॉटेलला दादाने फोन केला होता आणि तिथल्या बाईंनी "हो, तुमच्या नावाने तीन खोल्या आहेत" असं सांगितलं होतं. एवढं तपासूनही आमचे तीन लाख दहा हजार रुपये गेले आणि आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची सहल झाली नाही. बनावट तिकीट कसं ओळखायचं हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. खऱ्या तिकिटावर फसवणूक कशी होते ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आई-बाबांचं लग्न डिसेंबर १९७४ मधलं, नाशिकचं. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ते विजयानंद थिएटर आमच्या जुन्या वाड्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्या प्रकरणानंतर सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, १९११ मध्ये ते सेल्युलर जेलमध्ये पोचले आणि थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते, हे बाबांनी किती वर्गांना शिकवलं असेल! स्वतः मात्र ते कधी तिकडे गेले नाहीत. आमची शिक्षणं, आजीचं आजारपण, घराचे हप्ते यात ते राहूनच गेलं. आईला तुरुंगापेक्षा समुद्राची ओढ. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा आणि पाण्यात पाय टाकून बसायचं, एवढंच तिचं मागणं. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात, हे कळल्यावर तिने दसऱ्यापासून गोदाकाठी रोज चालायला सुरुवात केली. गुडघे दुखत असताना. रकमेचा आकडा मी वर सांगितलाच आहे, पण त्या माणसाने आमचं नेमकं काय नेलं हे त्या आकड्यात येत नाही.

अंदमानला एजंट कशाला हवा, असं नंतर अनेकांनी विचारलं. त्याला कारण आहे. मुंबईहून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे श्री विजयपुरमला पोचायचं (सप्टेंबर २०२४ पर्यंत त्याचं नाव पोर्ट ब्लेअर होतं), तिथून बोटीने स्वराज द्वीप, मग शहीद द्वीप, म्हणजे नील, आणि पुन्हा बोटीने परत. विमान, बोट आणि हॉटेल एकमेकांत अडकलेले असतात. एक बोट हुकली की पुढच्या मुक्कामाची खोली रिकामी राहते आणि पुढची बोटही जाते. हवा बिघडली तर बोटी रद्द होतात. त्यात डिसेंबर म्हणजे ऐन सीझन. बेटांची नावं २०१८ मध्ये बदलली तरी लोकांच्या तोंडी आणि अनेक कागदांवर जुनी नावं आहेतच, त्यामुळे वयस्कर माणसांचा गोंधळ होतो. सत्तरी ओलांडलेल्या दोघांना घेऊन जायचं तर हे सगळं एका जबाबदार माणसाकडे असावं, असं वाटणं अगदी रास्त आहे.

हा माणूस ऐऱ्यागैऱ्या म्हणून आला नव्हता. दादाच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाला त्याने आदल्या वर्षी केरळ दाखवून आणलं होतं, तेही व्यवस्थित. ऑफिस होतं, पाटी होती, लेटरहेडवर जीएसटी क्रमांक होता. प्रकरण पोलिसांत आणि ग्राहक आयोगात असल्याने नाव इथे लिहीत नाही.

पैसे तीन टप्प्यांत गेले. ऑगस्टमध्ये बुकिंगचे साठ हजार. सप्टेंबरमध्ये विमानाचे एक लाख चाळीस हजार. त्याच संध्याकाळी पीएनआर आला आणि तो मी तपासला. नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला, "ताई, सीझन आहे, हॉटेलवाले पूर्ण पैसे मागतायत. आज भरले नाहीत तर ते खोल्या सोडून देतील." उरलेले एक लाख दहा हजार दिले. क्रेडिट कार्डाने देऊ का विचारलं तर म्हणाला, "चालेल, पण अडीच टक्के जास्तीचे पडतील." म्हणून बँकेतून थेट पाठवले.

निघायच्या आदल्या दिवशी वेब चेक-इन करायला बसले. तोच पीएनआर, तेच आडनाव. स्क्रीनवर आलं: बुकिंग रद्द. त्याचा फोन आधी वाजत राहिला, मग बंद झाला. आईच्या बॅगेत औषधांचे डबे भरून झाले होते.

त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत विमान कंपनी आणि हॉटेलकडून जे कळलं, ते नीट वाचा. तिकिटं सप्टेंबरमध्ये खरोखर काढली गेली होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती रद्द केली गेली आणि रद्द करण्याचे पैसे कापून उरलेली रक्कम परत गेली. कुठे? तिकीट काढताना पैसे जिथून आले होते तिथे, म्हणजे त्याच्या एजंट वॉलेटमध्ये (तिकिटं काढण्यासाठी एजंट पैसे ठेवतात ते ऑनलाइन खातं). बुकिंगवर मोबाइल त्याचा, ईमेल त्याचा. त्यामुळे रद्द झाल्याचा संदेश आमच्यापैकी कुणालाच आला नाही. हॉटेलचं तर त्याहून सोपं. त्याने एका बुकिंग पोर्टलवरून "हॉटेलवर पैसे द्या, ठरावीक तारखेपर्यंत मोफत रद्द करा" या सोयीने खोल्या घेतल्या होत्या. हॉटेलला त्याने एक रुपयाही दिलेला नव्हता आणि हॉटेलने मागितलाही नव्हता. दादाने फोन केला तेव्हा त्या बाई खरंच बोलत होत्या, खोल्या आमच्या नावाने होत्याच. त्याही नोव्हेंबरमध्ये रद्द झाल्या. बोटींची तर तिकिटंच नव्हती, त्याच्या लेटरहेडवर वेळा छापलेलं व्हाउचर तेवढं होतं.

आता क्रम बघा. विमान रद्द, हॉटेल रद्द, आणि त्यानंतर आमच्याकडून "हॉटेलवाले थांबत नाहीत" म्हणून शेवटचा हप्ता. म्हणजे सहल आपण स्वतःच मोडली आहे हे ठाऊक असताना त्याने एक लाख दहा हजार मागून घेतले. हा क्रम पुढे आमच्या सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे की तिकीट खरं आहे का एवढ्यावर थांबू नका. ते रद्द करायची किल्ली कुणाकडे आहे, ते विचारा. बुकिंगवर मोबाइल आणि ईमेल कुणाचा? परतावा कुणाच्या खात्यात जाईल? विमानाची तिकिटं शक्यतो विमान कंपनीच्या वेबसाइटवरून स्वतः काढा आणि एजंटकडे बेटांवरची व्यवस्था द्या. प्रामाणिक टूरवाले याला हरकत घेत नाहीत. आमच्या नात्यातले एक जण याच व्यवसायात आहेत, ते तर गिऱ्हाइकाचाच नंबर टाकतात. हॉटेलला फोन कराल तेव्हा "खोली आहे का" एवढंच विचारू नका. पैसे जमा झालेत का, किती, कुणाकडून आले आणि कुठल्या तारखेपर्यंत फुकट रद्द करता येतं, हे विचारा. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, व्हाउचरवरचा नको. आणि कार्डाने भरायचे अडीच टक्के खुशाल द्या. सेवा मिळाली नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो. थेट खात्यात पाठवलेल्या पैशांना ती सोय नाही.

जीएसटी क्रमांकाचंही सांगते, कारण तो बघून बरेच जण निर्धास्त होतात. आमच्या एजंटचा क्रमांक खरा होता, चालूही होता. माझ्या सीए मैत्रिणीने तो नंतर बघितला आणि सांगितलं की या पंधरा अंक-अक्षरांतले पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, अंदमान-निकोबारचे ३५. त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकटी व्यक्ती. लेटरहेडवर "प्रा. लि." छापलेलं होतं आणि सहावं अक्षर होतं पी. कंपनी नव्हतीच! पैसेही त्याच्या वैयक्तिक बचत खात्यात गेले होते. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यापाराचं नाव आणि नोंदणीची स्थिती दिसते, त्याला लॉगिन लागत नाही. ज्या नावाने पैसे मागितले जातायत ते नाव तिथल्या नावाशी जुळतं का आणि लेटरहेडवरचा "प्रा. लि." खरा आहे का, दोन्ही पाहा.

तक्रारीबद्दल. १९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. तो कळल्या क्षणी लावायचा, उद्या सकाळी नाही. खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेने दिलेला व्यवहार क्रमांक), तारीख आणि रक्कम समोर ठेवा. आमचे पैसे गेले त्याला काही आठवडे झाले होते, त्यामुळे बरेचसे पुढे सरकले होते. थोडी रक्कम मात्र गोठवली गेली आणि ती कोर्टाच्या आदेशानंतर मिळेल.

पोलिस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, "ताई, हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी दावा करा." हे उत्तर जवळजवळ प्रत्येकाला मिळतं. फसवणुकीच्या गुन्ह्यात मुळात हेतू दाखवावा लागतो, धंदा बुडाला म्हणून पैसे परत देता आले नाहीत असं समोरचा म्हणू शकतो. आम्ही कागद घेऊन पुन्हा गेलो. तिकिटं रद्द झाल्याची तारीख, हॉटेलचा ईमेल, आणि त्यानंतर हप्ता मागणारा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश, तिन्ही तारखांच्या ओळीने. मग मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदला गेला. जुलै २०२४ पासून जुन्या ४२० च्या जागी हेच कलम आहे. ठाण्यात नोंद घेत नसतील तर पोलिस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे लेखी अर्ज पाठवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण पुसू नका आणि फोन बदललात तर ते जपून नव्या फोनवर न्या.

जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील नेमलाच पाहिजे असं नाही. आमची तक्रार सुनावणीला लागली आहे.

एक गोष्ट फार मनाला लागली. बाबांनी कुणालाही सांगू दिलं नाही. ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांना ठाऊक होतं की मास्तर अंदमानला निघालेत. त्या आठवड्यात ते दोघं घराबाहेर पडले नाहीत, लोकांनी समजावं की गेले आहेत. पन्नास वर्षं सचोटीने संसार केलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या चोरीची लाज बाळगून पडदे लावून बसावं, याचा मला आजही संताप येतो. त्याच एजंटने आणखी दोन कुटुंबांना असंच फसवल्याचं पुढे कळलं. त्यांचीही तक्रार नव्हती, कारण तेच. आम्ही बोललो तेव्हा ती बोलली, आणि तीन तक्रारी एकत्र आल्यावर तपासाला वेग आला. तुमच्या घरातले वडीलधारे "जाऊ दे, वाच्यता नको" म्हणाले तर त्यांच्याशी बोला, त्यांना धीर द्या, पण तक्रार करा.

आणि तक्रार केल्यावर येणाऱ्या फोनपासून जपा. मी समाजमाध्यमांवर लिहिल्यानंतर "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, फाइल चार्ज भरा" असा फोन आला. त्याला माझं नाव, रक्कम, सगळं माहीत होतं, कारण मीच ते लिहिलं होतं. पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलिस कधी यूपीआयने फी मागत नाहीत. पैसे घेण्यासाठी पिनही टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. तो नंबर मी त्याच गुन्ह्याच्या तपास अधिकाऱ्यांना दिला.

ज्यांचं येत्या सीझनचं बुकिंग एजंटकडून झालेलं आहे त्यांनी आज पीएनआर पुन्हा उघडून बघा, आणि निघेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. विमान कंपनीला फोन करून तुमचा मोबाइल आणि ईमेल बुकिंगवर घालून घ्या. एजंटने शेवटचा हप्ता मागितला तर तो देण्याच्या अगदी आधी पुन्हा बघा, आणि हॉटेललाही त्याच वेळी फोन करा.