सोलापूरची एलएल.बी. घेऊन परदेशी जाताना: इंग्लंड, कॅनडा की न्यूयॉर्क?

दयानंद लॉ कॉलेजमधून एलएल.बी. झालं, बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, मिळाली, जिल्हा न्यायालयात सीनियरकडे तीन-चार वर्षं तारखा सांभाळल्या आणि लग्न ठरलं ते टोरांटोच्या नाहीतर न्यू जर्सीच्या मुलाशी. आपल्याकडच्या कितीतरी वकील मुलींपुढे प्रश्न असाच येतो: आता या पदवीचं काय? पदवी वाया जात नाही, हे मी खात्रीने सांगते. मात्र कुठली परीक्षा सोपी हे बघून देश ठरवू नका. तिथे काम करायची परवानगी तुमच्या हातात असेल का, हे आधी बघा.

अमेरिकेत नेमकं इथेच अडतं. वकिलीची परीक्षा घेणारं न्यूयॉर्कचं बार बोर्ड भारतासारख्या कॉमन लॉ देशातली किमान तीन वर्षांची कायद्याची पदवी तपासतं. अभ्यासक्रम पुरेसा वाटला तर थेट परीक्षेला बसता येतं, कमी पडला तर तिथली 24 क्रेडिटची एलएल.एम., म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, करावी लागते आणि तिचा खर्च मोठा. तेही जमवलं, परीक्षा पास झालात, तरी नवऱ्याच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-4 व्हिसावर वर्क परमिट नसेल तर पगारी काम करता येत नाही. ते परमिटही सरसकट मिळत नाही. सहसा नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर व्हावा लागतो. म्हणून परमिट दिसत नसताना एलएल.एम.साठी कर्ज काढू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

कॅनडाची वाट लांब आहे, पण सरळ. एनसीए ही परदेशी कायद्याच्या पदव्या तपासणारी समिती तुमची पदवी आणि गुणपत्रकं तपासून कुठले विषय द्यायचे ते कळवते. कॅनडाचं संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, तिथल्या कायद्याची मूलतत्त्वं आणि वकिलाची व्यावसायिक नीती हे पाच विषय साधारण येतातच. अर्ज आणि परीक्षा इथे घरी बसून होतात, त्यामुळे व्हिसाची वाट बघण्याचे महिने कारणी लागतात. सनद नसली तरी चालतं. पण शिक्षणाचं माध्यम इंग्रजी किंवा फ्रेंच नसेल तर भाषेची परीक्षा द्यावी लागते. मराठीतून पेपर लिहिलेल्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. त्यानंतर प्रांताची पायरी. ऑन्टारियोत बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा असतात आणि बहुतेकांना आर्टिकलिंगही, म्हणजे तिथल्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी, करावं लागतं. ओळखपाळख नसलेल्या नव्या माणसाला आर्टिकलिंगची जागा मिळवणं हाच यातला सगळ्यात दमवणारा भाग. तोवर लॉ क्लार्कचं, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचं, काम धरता येतं. पॅरालीगल म्हणून काम करायला मात्र ऑन्टारियोत वेगळं लायसन्स लागतं.

इंग्लंडमध्ये 2021 पासून सॉलिसिटर, म्हणजे तिथला वकील, होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आहे. पहिल्या भागात 360 बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी कौशल्यं. दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट सनदधारक वकिलाला लागू होत नाही, नुसती एलएल.बी. असेल तर होते. सनदेचं खरं मोल इथे कळतं. पहिला भाग भारतातल्या केंद्रावर देता येतो, दुसऱ्याच्या तोंडी परीक्षेसाठी तिकडे जावं लागतं. दोन्हींची फी मिळून पाच हजार पाऊंडांच्या आसपास जाते, क्लासचे पैसे वेगळे. ज्यांचं जाणं अजून पक्कं नाही आणि सनद हातात आहे, त्यांनी मी तरी हाच रस्ता आधी बघावा म्हणेन. ज्यांच्याकडे कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आहे, त्यांनी दुसरीकडे बघूच नये.

देश कुठलाही निवडा, कागद सोलापुरातूनच न्यायचे आहेत. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांचा आणि गुणांचा अधिकृत उतारा, बहुधा विद्यापीठाकडून थेट तिकडे जावं लागतं, तुमच्या हातचं चालत नाही. आपलं सोलापूर विद्यापीठ 2004 चं. त्याआधी पदवी घेतलेल्यांना कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. आणि नावं नीट बघा. गुणपत्रकावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतरच्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. तिकडच्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलाचं प्रतिज्ञापत्र निघण्याआधीच तयार ठेवा. शक्य असेल तर पासपोर्टवर माहेरचंच नाव राहू द्या, निम्मी कटकट वाचते.

सनदेचंही तसंच. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. पण त्याआधी गुड स्टँडिंगचा, म्हणजे सनद चालू आणि निष्कलंक असल्याचा, दाखला काढून घ्या, कारण परदेशी संस्था तो मागतात.