एकटीने नॉर्वेत चालत: फ्योर्डकाठच्या गाइडेड वॉकिंग हॉलिडेचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या पश्चिमेला, आउरलांड आणि फ्लोमच्या परिसरात, आठवडाभराच्या गाइडेड वॉकिंग हॉलिडेला जाऊन आले. ही टूर फक्त एकट्या प्रवाशांसाठी होती. परत आल्या आल्या लिहायचं मुद्दाम टाळलं. अशा ट्रिपचा खरा हिशोब घरी आल्यावर, गुडघे शांत झाल्यावर आणि क्रेडिट कार्डाचं बिल भरून झाल्यावरच लागतो. तो आता लागलाय. रोज पाच-सहा तास चालणं ज्याला झेपतं आणि मनापासून आवडतं, अशा एकट्या माणसाने ही ट्रिप जरूर करावी. ज्याला "युरोप बघून यायचाय" त्याने या फंदात पडू नये. आठवड्यात शहर म्हणून फक्त बर्गन दिसतं, तेही शेवटच्या दिवशी.

आधी एकटं जाण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न त्याबद्दलच येतात. आपल्याकडे एकट्या बाईने टूर बुक करायची म्हटली की सिंगल रूमचे जादा पैसे भरा, नाहीतर अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्या, एवढंच ऐकायला मिळतं. इथे गटातला प्रत्येक जण एकटाच आलेला. त्यामुळे स्वतंत्र खोली मूळ किमतीतच धरलेली होती. डझनभर माणसं, बहुतेक ब्रिटिश, पन्नाशीपासून सत्तरीपर्यंतची. "मिस्टर नाही आले का?" हा प्रश्न आठवडाभरात एकदाही कानावर आला नाही, आणि तो न येण्याने मन किती हलकं होतं ते मी सांगून कळणार नाही. दिवसभर चालताना ज्याला बोलायचंय तो बोलतो, ज्याला गप्प राहायचंय तो चार पावलं मागे राहतो, आणि कोणी रागावत नाही. संध्याकाळी जेवायला मात्र सगळे एका टेबलावर. मला माणसं हवी होती पण सतत नको होती. ते गणित या टूरमध्ये बरोबर जमलं.

आता प्रदेशाबद्दल. आउरलांडचा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची खोल खाडी, ही सोग्नेफ्योर्डची एक शाखा. सोग्नेफ्योर्ड समुद्रापासून आत 200 किलोमीटरहून लांब घुसलेला आहे आणि सर्वांत खोल जागी त्याची खोली 1308 मीटर आहे. पुणेकरांसाठी सांगायचं तर सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून जेवढा वर, साधारण तेवढंच खाली त्याचा तळ. हिमनद्यांनी हजारो वर्षं खडक खरवडून ही दरी केली. बर्फ वितळल्यावर समुद्र आत आला. मुखाजवळ तळाशी उंबऱ्यासारखा उंचवटा राहिलेला असल्यामुळे तिथे पाणी उलट बरंच उथळ आहे. हे सगळं पुस्तकात वाचून गेले होते, पण काठावर उभं राहिल्यावर पाणी इतकं शांत, इतकं हिरवं असतं की खाली एवढा खड्डा आहे यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. डोंगर पाण्यातून सरळ उभे राहतात. चालणाऱ्यासाठी याचा अर्थ एकच: सपाट वाट फार थोडी, चढ किंवा उतार भरपूर.

आठवड्यातला सर्वांत मोठा दिवस आउरलांडसडालेन या दरीचा. बसने वर ओस्टरब्योला जायचं आणि तिथून दरी उतरत वासबिग्दीपर्यंत यायचं, सुमारे 19-20 किलोमीटर. सकाळी वर थंडी, खुरटी बर्च झाडं, तळी, पायाखाली ओलं शेवाळ. मग हळूहळू दरी अरुंद होते आणि नदीचा आवाज वाढत जातो. एके ठिकाणी वाट कड्याच्या अंगातच कोरून काढलेली आहे. एका हाताला ओला खडक, दुसऱ्या हाताला खोलवर फेसाळ पाणी. तिथे आमच्या गाइडने सगळ्यांना ट्रेकिंग पोल आखडून पाठीला लावायला सांगितले आणि प्रत्येकामध्ये अंतर ठेवून एकेकाला पुढे सोडलं. ती स्वतः वळणावर उभी राहिली आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे नाही, तर पायांकडे बघत होती. माझ्यापुढच्या बाईंचं पाऊल जरा अडखळलं, तेव्हा तिने काहीच न बोलता नुसता हात पुढे केला. त्या बाईंनी तो धरला नाही, पण तो तिथे आहे एवढ्यावरच त्या पलीकडे गेल्या. पुढे सिन्यारहाइम नावाची जुनी वाडी लागते. उतारावर दगडी पायावर उभी लाकडी घरं, भोवती गवत. इथे माणसं राहत होती, गुरं पाळत होती, बाळंतपणं होत होती, आणि खालच्या गावात जायला हीच वाट होती, या विचाराने मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

शेवटचे दोन तास नुसता उतार. माहितीपत्रकात या दिवसाला "मध्यम" म्हटलं होतं, ते मला पटलेलं नाही. दमाला मध्यम असेल, गुडघ्यांना अजिबात नाही. सिंहगड पायथ्यापासून चढून-उतरून दुसऱ्या दिवशी जिना न कण्हता उतरता येत असेल, तर हा दिवस तुम्हाला जमेल. नसेल तर आधी तीन-चार महिने तयारी करा, आणि ती चढाची नव्हे, उताराची करा.

प्रेस्त नावाच्या डोंगराचा दिवस वेगळा गेला. आउरलांडच्या वर चढून फ्योर्ड बघायचा म्हणून सगळे उत्सुक होते. अर्ध्याहून जास्त चढल्यावर ढग खाली आले आणि पुढचा माणूस धूसर दिसू लागला. गाइड थांबली, नकाशा काढला, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि मागे फिरायचं ठरवलं. नॉर्वेत डोंगरात वागायचे नियम लोकांना शाळेपासून माहीत असतात. 1952 मध्ये ते पहिल्यांदा तयार झाले, आज ते नऊ आहेत, आणि त्यातला एक म्हणतो की वेळेत मागे फिरा, त्यात लाज काहीच नाही. आमच्यातले एक गृहस्थ कुरकुरले, इतके पैसे भरून आलोय म्हणाले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि उतरायला लागली. मला तेव्हाच वाटलं की आपण भरलेले पैसे खरे या निर्णयाचे आहेत. वाटा तिथे लाल रंगाच्या 'टी' खुणांनी आखलेल्या असतात. ते काम 1868 मध्ये स्थापन झालेली तिथली पर्यटक संघटना आणि तिचे स्वयंसेवक करतात. नकाशे उत्तम मिळतात. वाट शोधण्यापुरता गाइड लागतोच असं नाही. पण कुठे थांबायचं हे परक्या डोंगरात एकट्या माणसाला कोण सांगणार? आपल्याकडे पावसाळ्यात किती ग्रुप ढग उतरल्यावरही "आलोय तर वर जाऊच" म्हणतात, हे आठवून मला तिचं मोल आणखी कळलं.

बाकीचे दिवस थोडक्यात. फ्लोमची रेल्वे 20 किलोमीटरमध्ये 867 मीटरवरच्या म्युर्डालला चढते. आम्ही रेल्वेने वर गेलो आणि रेल्वे बांधणाऱ्या मजुरांसाठी केलेल्या जुन्या रस्त्याने वळणं उतरत चालत आलो. गाडीत खिडकी मिळवण्यासाठी झुंबड उडते, चालताना तोच देखावा निवांत मिळतो. फ्लोमहून गुडवांगेनपर्यंत विजेवर चालणाऱ्या बोटीने नॅरॉयफ्योर्ड पाहिला. 2005 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे आणि सर्वांत अरुंद जागी जेमतेम 250 मीटर रुंद. बोटीला इंजिनाची घरघर नसल्याने धबधब्यांचा आवाज डेकवर ऐकू येतो. बर्गनमध्ये मी उल्रिकेन चढले. 1333 दगडी पायऱ्या, नेपाळच्या शेर्पांनी रचलेल्या. नॉर्वेतल्या कितीतरी डोंगरवाटा त्यांच्या हातच्या आहेत. घट्ट बसवलेला एकेक दगड बघून आपल्या गडांच्या ढासळत्या पायऱ्यांसाठी जीव तळमळला.

खाण्याचं स्पष्ट सांगते. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण कंटाळाल. नाश्त्याच्या टेबलावरच दुपारचा डबा स्वतः भरायचा असतो: ब्रेड, चीज, काकडी, ढोबळी मिरची, आणि स्लाइस एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये घालायचे कागदाचे चौकोनी तुकडे. गडद तपकिरी, गोडसर-खारट ब्राउन चीज मला फार आवडलं. रात्रीच्या जेवणात मात्र शाकाहारी म्हणून तोच भाज्यांचा बेत फिरून फिरून आला. आधी दोनदा ईमेल करून कळवलं होतं, तरी हॉटेलपर्यंत निरोप नीट पोचला नव्हता. थेपले, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या. सुक्या खोबऱ्याची चटणीही चालते. एका दिवशी ठरलेला कार्यक्रम रद्द झाला, त्याचे पैसे परत मिळायला टूर कंपनीने तीन महिने लावले. मिळाले पूर्ण, पण पाठपुरावा मलाच करावा लागला.

खर्च विमान, व्हिसा, विमा, कपडे धरून चार लाखांच्या आसपास गेला. त्यातला कपड्यांवरचा खर्च आजही वसूल होतोय. मेरिनो लोकरीचे दोन बनियन तिथल्या पावसात ओले होऊनही ऊब देत होते, आणि डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर तेच घातले. स्वस्तातला रेनकोट नेऊ नका, शिवणींतून पाणी येतं. बूट घोट्यापर्यंतचे आणि घरी वापरून मऊ केलेलेच हवेत, कारण तिथे पाणथळ जमिनीत पाय हमखास बुडतो.

गुडघे महिनाभरात पूर्ववत झाले. गटातल्या दोघीतिघींशी अजून बोलणं होतं. त्यातल्या एक निवृत्त नर्स पुढच्या हिवाळ्यात भारतात येणार आहेत, आणि राजगड दाखवायचा शब्द मी दिलाय. सर्वांत मोठा बदल म्हणजे एकटीने कुठे जायचं म्हटल्यावर घरात जी चर्चा व्हायची ती थांबली. आता विचारतात, कधी निघणार.

जाणाऱ्यांसाठी: जूनमध्ये वरच्या वाटांवर बर्फ असू शकतो, म्हणून जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्ट हा काळ निवडा. ऑगस्टमध्ये वाटेवर ब्लूबेरी पिकलेल्या असतात आणि रात्री नऊपर्यंत उजेड मिळतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा. एकट्या अर्जदाराने टूर कंपनीचं पत्र मागून घ्यावं, त्यात रोजचा मुक्काम तारखेनिशी लिहिलेला असावा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची रांग वाढते, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी अपॉइंटमेंट कधीची मिळतेय ते बघा.