जॉइंट कम्पाउंड कालवायला कोणता पॅडल?

जिप्सम बोर्डाचे सांधे भरायच्या कम्पाउंडसाठी ड्रिलला दोन प्रकारचे पॅडल (ढवळायचे दांडे) लावता येतात. खालून वर उचलणारा जड मालाचा; तळाशी बसलेली पावडर आणि गुठळ्या तोच वर आणतो. वरून खाली ढकलणारा रंगासारख्या पातळ मालाचा. त्याने शिंतोडे कमी उडतात, पण घट्ट कम्पाउंडमध्ये तळ कोरडाच राहू शकतो. माझं मत पहिल्यालाच, फक्त ड्रिल हळू चालवा. जोरात फिरवलं की हवा शिरते आणि वाळल्यावर सांध्यावर बारीक भोकं दिसतात. मग पुन्हा हात मारा, पुन्हा घासा! पॅडल बुडवूनच ड्रिल सुरू करा, थांबवूनच बाहेर काढा.

कोणताही घ्या, लगेच धुवा. प्लास्टरसारखं आवळणाऱ्या कम्पाउंडचा जुना थर राहिला, तर पुढची बादली वेळेआधीच घट्ट होते.