ताईच्या शर्यतींचे एनएफटी विकायला गेलो आणि फसलो

माझी ताई आठशे मीटर धावायची. ती राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा मी शाळेत होतो. तिच्या शर्यतींच्या व्हिडिओ कॅसेट आमच्याकडे होत्या, प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात अंतर आणि वेळ लिहिलेली. दोन कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी धरली होती. त्या साफ करून घेतल्या, सगळ्यांचे डिजिटल व्हिडिओ करून घेतले आणि ताईच्या नावाच्या सोशल मीडिया पानावर टाकले. हे पान मीच सांभाळतो. २०२२ च्या शेवटी त्याच पानावर एक निरोप आला.

लिहिणारा स्वतःला क्रीडाक्षणांचा संग्राहक म्हणवत होता. ताईचे पाच व्हिडिओ एनएफटी म्हणून विकत घ्यायचे आहेत, पाचांचे मिळून १४ ईथर देईन, असं त्यानं लिहिलं होतं. एनएफटी म्हणजे चित्राशी किंवा व्हिडिओशी जोडलेलं एकमेव डिजिटल टोकन. त्याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सार्वजनिक नोंदवहीत, होते. ईथर हे ईथरियम नावाच्या ब्लॉकचेनचं आभासी चलन. सोबत तिच्या धावण्याचं भरभरून कौतुक होतं: "शेवटच्या तिसऱ्या फेरीत तुम्ही जो वेग घेतलात, तो विसरता येत नाही." आठशे मीटरच्या शर्यतीत फेऱ्या दोनच असतात. मला ते वाचताक्षणी खटकलं होतं. पण त्याला धावण्यातलं फारसं कळत नसेल, पैसे तर द्यायला तयार आहे, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मी विश्वास का ठेवला तेही सांगतो, कारण फसणारा माणूस लोभी किंवा अडाणीच असतो असा समज आहे. असे व्यवहार खरोखर झाले होते. मार्च २०२१ मध्ये बीपल या कलाकाराचं डिजिटल चित्र ख्रिस्टीज या लिलावगृहाच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलं होतं. व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापणाऱ्या एलिउड किपचोगेनं २०२१ मध्येच आपल्या कारकिर्दीतले क्षण एनएफटी करून विकले होते. बास्केटबॉलच्या सामन्यांतले काही सेकंदांचे तुकडे लोक हौसेनं विकत घेत होते. मग माझ्या ताईची शर्यत का नको? तिनं आयुष्यातली चौदा वर्षं धावण्याला दिली आणि त्यातून तिच्या हाती पदकांखेरीज फारसं काही आलं नाही. तिला काहीतरी मिळावं, एवढंच माझ्या मनात होतं. नेमकं हेच त्यांनी हेरलं.

विक्री 'अमुक एका बाजारातच' करायची अशी त्याची अट होती. त्यानं पाठवलेली वेबसाइट एका प्रसिद्ध एनएफटी बाजारासारखी हुबेहूब दिसत होती. ईमेल आणि पासवर्ड देऊन मी खातं उघडलं. व्हिडिओ चढवले. प्रत्येक व्हिडिओ 'मिंट' करायला, म्हणजे त्याचं टोकन ब्लॉकचेनवर नोंदवायला, ०.११ ईथर 'गॅस फी' त्यांनी दिलेल्या पत्त्यावर पाठवायची होती. पाचांचे ०.५५. मी एक्स्चेंजवरून, म्हणजे आभासी चलनाची खरेदी-विक्री होते त्या साइटवरून, ईथर विकत घेतले आणि पाठवले.

दोन दिवसांत पाचही व्हिडिओ 'विकले' गेले. खात्यात १४ ईथर शिल्लक दिसू लागली. ताईला बोलावून मी स्क्रीन दाखवली. ती काही बोलली नाही, फक्त पहिल्या व्हिडिओवर बोट ठेवून तो चालू केला. शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये ती बाहेरच्या बाजूनं येते, डावीकडे एकदाच बघते आणि मग अंतिम रेषेपर्यंत मान हलत नाही. ते तिनं दोनदा पाहिलं. खाली हिरव्या अक्षरांत 'विकले गेले' असं लिहिलेलं होतं.

पैसे काढायला गेलो तर आधी ५ टक्के कमिशन भरा, ०.७ ईथर. भरलं. मग ओळख पटवायची म्हणून ताईचं ओळखपत्र आणि ते हातात धरलेला तिचा फोटो मागितला. दिला. त्यानंतर 'मोठी रक्कम असल्यामुळे पडताळणी ठेव' १ ईथर, चोवीस तासांत परत मिळेल. तेही पाठवलं. चोवीस तासांनी निरोप आला की आता १५ टक्के कर भरावा लागेल, २.१ ईथर, नाहीतर खातं गोठवलं जाईल. दरम्यान तो संग्राहक रोज विचारपूस करायचा. "माझे पैसे अडकलेत, तुम्ही लवकर भरा म्हणजे दोघंही सुटू," असं म्हणायचा. मी कर्ज काढायच्या विचारात होतो.

तेव्हा ताईनं विचारलं, "अरे, पैसे आपलेच आहेत ना? मग त्यांचं जे काय आहे ते त्यातूनच का कापून घेत नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा मी नीट शोधायला बसलो. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, म्हणून काय सापडलं ते सविस्तर लिहितो.

ईथरियमवरचा प्रत्येक व्यवहार ईथरस्कॅनसारख्या साइटवर कोणालाही फुकट बघता येतो. टोकन खरोखर तयार झालं असेल तर त्याला एक करारपत्ता (ते बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा ब्लॉकचेनवरचा पत्ता) असतो, एक क्रमांक असतो आणि ते कुठल्या वॉलेटमधून, म्हणजे डिजिटल पाकिटातून, कुठे गेलं याची नोंद असते. माझ्या पाच व्हिडिओंपैकी एकाचीही अशी नोंद नव्हती. साइटवर जो करारपत्ता लिहिला होता तो टाकला तर तिथे काहीच नव्हतं. एकही टोकन जन्मालाच आलं नव्हतं. १४ ईथर हा त्या साइटनं स्क्रीनवर छापलेला नुसता आकडा होता.

मग मी पैसे पाठवले तो पत्ता उघडला. त्यावर माझ्यासारख्या कितीतरी लोकांच्या रकमा होत्या: ०.११, ०.११, ०.२२, पुन्हा ०.११. आलेली रक्कम थोड्याच वेळात पुढच्या पत्त्यावर जात होती. त्या ओळी वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. प्रत्येक ०.११ मागे कोणाचं तरी चित्र, कोणाचा तरी फोटो, कोणाची तरी शर्यत असणार.

ईथरियमवरच्या बहुतेक खऱ्या बाजारांत खातं आणि शिल्लक असा प्रकार नसतो. तुम्ही तुमचं वॉलेट जोडता, विक्री झाली की त्याच व्यवहारात रक्कम थेट तुमच्या वॉलेटमध्ये येते आणि बाजाराचं कमिशन त्यातूनच वळतं होतं. म्हणजे ताईनं विचारलं ते अगदी बरोबर होतं. गॅस फी ही वेबसाइटला द्यायची नसतेच. ती नेटवर्कला जाते, तुमचं वॉलेट व्यवहार करताना ती आपोआप दाखवतं आणि ती क्षणाक्षणाला बदलते. ठरावीक गोल आकड्याची 'गॅस फी' कोणाच्या पत्त्यावर पाठवायला सांगितली तर तिथेच थांबा. ओपनसी या मोठ्या एनएफटी बाजारात तर डिसेंबर २०२० पासूनच गॅस न भरता एनएफटी विक्रीला ठेवण्याची सोय होती. त्या सोयीचा गैरवापरही इतका झाला की, त्या मार्गानं बनवलेल्या वस्तूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक चोरीच्या, बनावट किंवा कचरा होत्या, असं जानेवारी २०२२ मध्ये त्यांनीच जाहीर केलं. तेव्हा खऱ्या बाजारातही डोळे मिटून वावरता येत नाही.

आणखी एक गोष्ट धावपटूंनी आणि त्यांच्या घरच्यांनी लक्षात घ्यावी. शर्यत तुमची असली तरी तिचं चित्रण बहुतेक वेळा तुमचं नसतं. ते प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीचं किंवा स्पर्धेच्या आयोजकांचं असतं. अमेरिकी बास्केटबॉल लीगचे क्षण विकणाऱ्या एनबीए टॉप शॉटसारखे प्रकल्प लीगशी आणि खेळाडूंच्या संघटनेशी परवान्याचे करार करून उभे राहिले, ते याचसाठी. खरा खरेदीदार पहिला प्रश्न विचारेल की चित्रणाचे हक्क कोणाकडे आहेत. माझ्या संग्राहकानं तो शेवटपर्यंत विचारला नाही, कारण त्याला व्हिडिओ नको होताच. एनएफटी विकलं तरी चित्रणाचे हक्क आपोआप खरेदीदाराकडे जात नाहीत, हेही मला तोवर माहीत नव्हतं.

एकूण २.२५ ईथर गेले. पाठवलेले ईथर परत खेचता येत नाहीत, बँकेसारखी तक्रार करून व्यवहार उलटवता येत नाही. तरीही मी पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार दिली. प्रत्येक व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरची त्याची ओळखखूण), साइटचे स्क्रीनशॉट, सगळे संवाद जोडले. ज्या एक्स्चेंजवरून ईथर घेतले होते त्यांनाही कळवलं. चोरीचे पैसे फिरत फिरत एखाद्या एक्स्चेंजच्या खात्यात गेले तर तिथे ते गोठवता येण्याची शक्यता असते, पण त्यासाठी तक्रार लवकर जावी लागते. मी लाजेपोटी नऊ दिवस घालवले. तुम्ही घालवू नका.

पैशांपेक्षा मला जास्त लागतं ते ताईच्या ओळखपत्राचं. ते आणि तिचा फोटो आता कोणाकडे आहे, त्यावर कुठे खाती उघडली जातील, याची धास्ती कायम असते. बँकेला कळवलंय, तिच्या नावावर नवीन कर्ज निघालंय का ते अधूनमधून तपासतो. ओळखपत्र हातात धरलेला फोटो अनोळखी साइटला कधीही देऊ नका, समोर कितीही मोठा आकडा दिसत असला तरी.

यानंतर मी एके ठिकाणी हा अनुभव थोडक्यात लिहिला, तर तासाभरात एकजण हजर. 'ब्लॉकचेन तपासनीस' आहे, तुमचे पैसे शोधून परत आणून देतो, सुरुवातीला फक्त ०.२ ईथर द्या. मी खरंच दहा मिनिटं विचार करत होतो. बुडालेले पैसे परत मिळवून देण्याच्या नावानं एकदा फसलेल्यालाच पुन्हा गाठतात. आगाऊ पैसे मागणारा कोणीही असो, त्याला उत्तर देऊ नका.

ती साइट मध्यंतरी बंद झाली आणि दुसऱ्या नावानं उघडली. रचना तीच, रंग तेच. पहिल्या पानावर अजून ताईची शर्यत चालू असते. काढून टाकण्यासाठी डोमेन देणाऱ्या कंपनीकडे दोनदा तक्रार केली आहे, तिसरी काल केली.

गेल्या आठवड्यात मला एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. मुलगी चारशे मीटर धावते, म्हणजे मैदानाची एकच फेरी. तिच्या शर्यतीचे तीन व्हिडिओ विकले गेलेत, पडताळणी ठेव तेवढी भरायची राहिली आहे, भरू का, असं ते विचारत होते. पहिला निरोप काय आला होता, असं मी विचारलं. त्यांनी फोनवरच वाचून दाखवला: शेवटच्या तिसऱ्या फेरीत तुम्ही जो वेग घेतलात, तो विसरता येत नाही.