वाऱ्याला न विचारता बसवलेलं कारंजं

चाळीस मजली टॉवरच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे. भोवतालचं आवार आखून, बांधून देणाऱ्या कंपनीचं काम वर्षभर रोज तुडवल्यावर हे लिहितेय.

दगडाला शंभरपैकी नव्वद. ग्रॅनाइट फ्लेम्ड फिनिशचा, म्हणजे ज्योतीने भाजून वरचा थर खडबडीत केलेला. मालकांना लॉबीसारखा चकचकीत हवा होता, पण डिझायनरबाई हटून बसल्या. पाऊस पडला की मी त्यांच्या हट्टाला मनातल्या मनात हात जोडते. अजून एकही माणूस घसरलेला नाही.

सादरीकरणात त्यांनी न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीचा फोटो लावला होता. १९५८ सालची ही ३८ मजली इमारत रस्त्यापासून मागे सारलेली, पुढे ग्रॅनाइटचा चौक आणि दोन कुंडं. तिथे लोक काठावर बसतात, म्हणून इथेही झाडांच्या वाफ्यांचे कठडे गुडघ्याइतके ठेवले. बाकं वेगळी घ्यावीच लागली नाहीत, जेवणाच्या सुट्टीत कठड्यावर जागा मिळत नाही.

आता कारंजं. उंच इमारतीला वर आदळलेला वारा भिंतीवरून खाली उतरतो आणि कोपऱ्यावरून सुसाट वळतो. नेमक्या त्याच कोपऱ्यात तीन मीटरच्या धारा! धार जेवढी उंच, तेवढी तरी जागा चहूबाजूंनी सोडावी. इथे कुंडाचा काठ दीड मीटरवर. पहिल्या आठवड्यात लोक कडक उन्हात छत्र्या उघडून आत शिरत होते. मग वाऱ्याचा वेग मोजणारा सेन्सर बसला. वारा वाढला की धारा आपोआप खाली येतात, म्हणजे दुपारभर आमचं कारंजं गुडघ्याएवढं. उडालेलं पाणी वाळून दगडावर क्षारांचे पांढरे डाग पडतात ते वेगळंच.

झाडांचं संमिश्र आहे. खाली तळघर, त्यामुळे मातीला खोली नाही. तरी मोठी झाडं बरोबर खांबांच्या डोक्यावर, उंचवटा करून लावलीत, म्हणजे स्लॅबवर भार नाही. हुशारी आहे. हेलिकोनियाची रुंद पानं मात्र वाऱ्याने महिन्यात चिंध्या झाली. उंच गवत मजेत डोलतंय.

ठिबकच्या व्हॉल्व्हचा नकाशा दिलाच नाही. अकरापैकी नऊ सापडलेत.