रिव्ह्यूची भाषा बघावी की लिहिणाऱ्याचं खातं?

हॉटेल बुक करताना खोटे रिव्ह्यू गाळायचे दोन मार्ग आहेत: मजकुराची भाषा बारकाईनं वाचणं, नाहीतर लिहिणाऱ्याचं खातं उघडून बघणं. वेळ एकासाठीच असेल, तर मी खातं बघेन.

भाषेची बाजू लंगडी नाही. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी शिकागोच्या २० हॉटेलांचे ४०० खरे रिव्ह्यू घेतले आणि ४०० खोटे एकेक डॉलर देऊन लिहून घेतले. सगळे कौतुकाचेच. त्यातले काही माणसांना वाचायला दिले, तर सर्वांत चांगल्या परीक्षकाचं उत्तरही जेमतेम ६२ टक्के वेळा बरोबर आलं. शब्द मोजणाऱ्या प्रोग्रॅमनं मात्र ९० टक्क्यांच्या आसपास मजल मारली. कारण साधं आहे. जो तिथं राहिलाच नाही, त्याला खोली ठाऊक नसते. मग तो ‘मी’, ‘माझा नवरा’, ‘सुट्टी’ असं बोलतो, शहराचं नाव पुन्हा पुन्हा घेतो. राहून आलेला माणूस बाथरूम, मजला, खोली लहान होती का, हे सांगतो.

पण ते खोटे रिव्ह्यू अभ्यासासाठी लिहवून घेतलेले होते. २०१३ मध्ये येल्प या अमेरिकी रिव्ह्यू-साइटच्या फिल्टरनं संशयास्पद म्हणून बाजूला काढलेल्या रिव्ह्यूंवर नुसती शब्दांची पद्धत लावली, तेव्हा अचूकता ६८ टक्क्यांवर घसरली. लिहिणाऱ्याच्या वागण्याच्या खुणांनी ती ८५ च्या आसपास नेली: एका दिवसात किती रिव्ह्यू टाकले, त्यात कौतुकाचे किती, बाकीच्यांपेक्षा रेटिंग किती वेगळं.

आपल्याकडे तर भाषेला पकडायला जागाच कमी. कोकणातल्या होमस्टेखाली ‘मस्त जागा, छान जेवण’ एवढंच लिहिलेलं असतं. खरा पाहुणाही तेवढंच लिहितो. त्यातून आता एआयला सांगितलं की गळका नळ आणि तिसरा मजलासुद्धा मजकुरात येतो. २०२२ मध्ये आलेलं आयएस १९००० हे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं भारतीय मानकही रिव्ह्यू देणाऱ्याची ओळख पडताळायला सांगतं, मात्र ते आलं तेव्हा ऐच्छिक होतं.

तरी रिव्ह्यू लांबलचक असेल आणि खात्यावर दुसरं काहीच नसेल, तर भाषेकडे वळा. जेवायची वेळ, पार्किंगपासूनच्या पायऱ्या, गरम पाणी किती वाजेपर्यंत, असलं काही त्यात सापडतं का ते शोधा. आणि तेच तपशील इतर पाहुण्यांच्या फोटोंशी जुळतात का, तेही ताडून बघा.