लव्हेंडर म्हणून घेतली, निघाली निळी

दिवाळीनंतर मी कोचीन बँटम या बुटक्या, शोभेच्या कोंबड्यांची एक जोडी नऊ हजारांना घेतली. विकणारा म्हणाला, "दादा, ओरिजिनल लव्हेंडर आहे. पिल्लं सगळी अशीच पडणार. एक जरी वेगळं निघालं तरी पैसे परत." लव्हेंडर म्हणजे अंगभर एकसारखा फिका राखाडी रंग; कोंबड्यांत निळा म्हणतात तोही राखाडीच, पण गडद. साध्या निळ्या जोडीचे तोच साडेतीन हजार सांगत होता. व्हिडिओ बघून मी पैसे आधीच टाकले. खोकं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने साताऱ्याला आलं.

फेब्रुवारीत मादी खुडूक बसली. खाली अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी सकाळी खुराड्यात हात घातला, तर हातात आलेलं पहिलंच पिल्लू काळं. एकूण नऊ निघाली. चार राखाडी, तीन काळी, दोन मळकट पांढरी.

पोटात धस्स झालं. लव्हेंडरचा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो, म्हणून लव्हेंडर जोडीला काळं पिल्लू होतच नाही. निळ्याचं वेगळं. काळ्या पक्ष्यात निळ्याचं एक जनुक आलं की तो निळा, दोन आली की स्प्लॅश, म्हणजे पांढुरक्या अंगावर निळे-काळे शिंतोडे. निळ्याला निळा लावला तर सरासरी निम्मी निळी, पाव काळी, पाव स्प्लॅश पडतात. माझ्या खुराड्यात तेच पडलं होतं.

मग कोंबडा अंगणात उन्हात धरला. मान आणि पाठ जवळजवळ काळी. मादीच्या छातीवरचं पीस बोटांत धरून पाहिलं, तर कडेला बारीक गडद रेघ. लव्हेंडर पक्षी सगळीकडे एकसारखा फिका असतो, त्याच्या पिसाला अशी कड नसते. व्हिडिओ ट्यूबलाइटखाली काढलेला, त्यात मला हे काही दिसलं नाही.

फोन केला तर म्हणाला, "तुमच्याकडचा दुसरा कोंबडा लागला असेल." माझ्याकडे दुसरा कोंबडाच नव्हता. संध्याकाळपर्यंत नंबर ब्लॉक. पैसे गेलेच, पण दोन मित्रांना लव्हेंडर पिल्लांचा शब्द दिला होता, तो मोडावा लागला, याचं जास्त वाईट वाटतं.

घेणार असाल तर मान आणि पाठ उन्हात दाखवायला सांगा. त्याच जोडीची सगळी पिल्लं एकत्र बघा आणि पक्षी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

परवा एकाने मला विक्रीचा व्हिडिओ पाठवला, "घेऊ का?" म्हणून. त्यातल्या कोंबड्याच्या तुऱ्याचं मागचं टोक वाकडं आहे. तो कोंबडा सहा महिने माझ्या अंगणात आहे.